विक्याच्या घुंगरावर माझा टॅग

थांबा, नवीन सिंगल्स डाउनलोड करायच्या आधी एक ऐका. आत्ताच सांगतो, न्हाई तर परत हिंमत व्हायची न्हाई. हे मी कालपर्यंत कुणालाच बोललो न्हाई — घरी न्हाई, दोस्तांत न्हाई, डीजेवाल्या ग्रुपवर तर बिलकुल न्हाई.

आज पाच हाउस सिंगल्स टाकलेत, म्हणजे क्लबात नाचायची सुटी गाणी. क्लबवाल्या डीजेंसाठीच. सुरुवातीला नुसता किक, म्हणजे ढोलाचा ठोका, सोडलाय, म्हणजे आधीच्या गाण्यातनं जल्दी मिक्स होतं. भोकरदनमध्ये बसून बनवलेलं पुण्याच्या क्लबात वाजतं — छाती फुगणार न्हाई का? माझी फुगते. खोटं कशाला बोलू?

पण तुम्ही मला ओळखता ते त्या घुंगराच्या गाण्यामुळं. मागच्या उन्हाळ्यातलं. सगळे विचारतेत, भाऊ, सुचलं कसं? आणि मी काय करतो — नुसता हसतो. हसण्यात खोटं थोडीच असतं, असं वाटायचं. असतं. लई असतं.

विक्या माझा दोस्त, इथं जवळच्याच टेंभुर्णीचा. आयटीआयला एका बाकावर बसायचो. त्याच्या मामाची रसवंती आहे. चरक फिरला की घुंगरू वाजतं, ते कुणी ऐकलं न्हाई? पण ह्या पठ्ठ्यानं ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं अन् खाली हाउसचा किक टाकला! ऊस आत गेला की घुंगरू जरा अडतं, मंग परत पळतं — ते अडणं त्यानं तसंच ठेवलं. मला सुचलं असतं का? सात जन्मांत न्हाई.

गाणं त्यानं पहिलं मला पाठवलं. ऐकून सांग, क्लबात चालंल का? मी हेडफोन लावून सलग चारदा ऐकलं. अंगावर काटा आल्ता. अन् त्याला लिहिलं काय — "बेस कच्चाय रे. क्लबवाले हसतीन."

जळलो. दुसरं काय?

आठ दिवसांनी त्याच गाण्यातनं मी त्याचा टॅग कापला. टॅग म्हणजे गाण्याच्या मधात डीजेचं नाव घेणारा आवाज. त्याच्या बहिणीचा आवाज होता — डीजे विक्या, टेंभुर्णी! तो काढला तर गाण्यात भोकच पडलं. मंग मी हलगी घेतली, स्वतः वाजवली, तीन तास बसून त्या भोकात बराबर बसवली. माझा टॅग सुरुवातीला टाकला. अपलोड.

आणि लोक शिट्ट्या कुठं मारतेत? त्या हलगीवर! ती हलगी माझी आहे, शंभर टक्के माझी, अन् मला अजून तिचा गर्व वाटतो. पण ती तिथं आहे कशाला? दोस्ताचं नाव झाकायला.

एकदा विक्या भोकरदनला आल्ता. स्टँडवर चहा पिऊन राह्यलो होतो अन् चहावाल्याच्या मोबाइलवर तेच लागलं. विक्याचा कप हातातच राहिला.

"हे माझ्यावालं दिसून राह्यलं बे."

"न्हाई रे. सॅम्पल पॅकमधलं, नेटवरचं रेडिमेड घुंगरू आहे. सगळेच वापरतेत."

"पॅकमधी रसवंती?"

"घुंगरू ते घुंगरू, येड्या."

तो हसला. म्हणे, "बराबर. पण हलगी काय बसवली भावा! मला न्हाई जमलं असतं." चहाही त्यानंच पाजला. मी प्यायलो. घोट अडकला का? न्हाई अडकला — तेच तर सांगून राह्यलो.

त्यानंतर विक्यानं गाणी बनवणं सोडलं. लॅपटॉपमधनं सॉफ्टवेअर उडवलं. आता बियाण्याच्या गोडाऊनला जातो. कुणी विचारलं की म्हणतो, आपल्याला त्यातलं समजत न्हाई. हे त्याच्या डोक्यात कुणी भरलं? मी.

काल दुपारी गोडाऊनला गेल्तो. जेवायच्या सुट्टीत पोत्यांवर बसून त्याला सगळं सांगितलं — टॅग, हलगी, पॅक, सगळं. वाटलं, कानाखाली देईल. त्यानं नुसता डबा उघडला. अन् एवढंच विचारलं —

"म्हणजे... गाणं चांगलं होतं?"

मी म्हणालो, हो. माझ्या सगळ्या गाण्यांपेक्षा चांगलं. त्यानं डबा न खाताच बंद केला अन् आत कामाला गेला.

माझ्या नावाचं ते गाणं आज सकाळी काढून टाकलं. त्याचं, त्याच्या टॅगवालं, अजून टाकलं न्हाई. ते कधी टाकायचं, टाकायचं का न्हाई, हे तो ठरवणार. वरची पाच माझीच आहेत, वाजवा बिनधास्त. माफी द्या म्हणत न्हाई. फक्त विचारतो — दोस्तानं लई भारी काही बनवलं, तुम्हाला ते बराबर कळलं, अन् तुम्ही तोंड वाकडं करून "ठीकठाक आहे" म्हणालात... झालंय का असं तुमच्याकडनं?