वायझुंग्सफ्राय म्हणजे बेउस्ताद नव्हे

‘मेरेकू असला कागद नक्को,’ असं म्हणून खलीलचाचांनी करार टेबलावरून माझ्याकडं सरकवला. ‘पेन पण ठेव तुझा. मी सही करत नाय.’

आमच्या ऑफिसात लोक भांडतात ते काम उशिरा झालं म्हणून. एका शब्दावरून उठून चाललेला क्लायंट मी पहिल्यांदाच बघत होते.

ऑफिस म्हणजे उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. देशमुख सर मालक आणि मी जर्मनची ट्रान्सलेटर. चिकलठाण्याच्या कारखान्यांत जर्मन मशिनी येतात, त्यांची मॅन्युअलं मी मराठीत करते. त्याआधी हॉस्टेलवर असताना पत्रकं लिहायचे. स्कॉलरशिप अडली की पत्रक, मेसमध्ये कुणाला वेगळं ताट दिलं की पत्रक. त्यामुळं माझं मराठी जरा तोंडाळ आहे. सर ते पुसत बसतात.

खलीलचाचा तबला वाजवतात. वय साठीच्या पुढं. मूळचे देवगाव रंगारीचे, पण उभी हयात या शहरात गेली. शहरात कुणाचंही गाणं असलं की साथीला चाचा. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या बाजूला बसून त्याला तालाचा आधार देणं. जर्मनीतल्या चौघांच्या एका ग्रुपनं त्यांना सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि पाचवे चाचा. सगळ्यांनी मिळून नवीन कार्यक्रम बसवायचा. करार जर्मनमध्ये होता, पण कलाकाराला तो स्वतःच्या भाषेत वाचता आलाच पाहिजे ही त्यांचीच अट. चाचा घरी दखनी बोलतात, शाळा मात्र मराठी, म्हणून मराठीत करायचा ठरला. सोमवारी व्हिसाची अपॉइंटमेंट. शुक्रवारी सही झालेला कागद गेला नाही तर चाचा जाणार नव्हते. आणि तो दिवस बुधवार.

‘काय चुकलं चाचा?’

‘पाचवं कलम वाच. मोठ्यानं.’

मी वाचलं. ‘कलाकार कलेच्या बाबतीत मार्गदर्शनाविना वादन करील.’

‘मार्गदर्शनाविना. म्हंजे बेउस्ताद. ज्याला शिकवणारा कुणी नव्हता, असाच कुठंतरी बडवायला शिकला, तो बेउस्ताद. आमच्यात ही शिवी आहे बेटा. दुसरी कुठली पण दे, हसून घेतो. ही नाय. माझ्या उस्तादांनी वर्षभर माझ्याकडून एकच अक्षर वाजवून घेतलं. ‘ना’. नुसतं ना ना ना. आणि मी लिहून देऊ की मेरेकू कुणी शिकवलंच नाही? कबरीत कूस बदलतील ते.’

मी सरांकडं पाहिलं. सर अचानक कॉम्प्युटरमध्ये फार बिझी झाले होते.

ते कलम कसं झालं ते सांगते. मूळ जर्मन वाक्यात शब्द होता वायझुंग्सफ्राय. वायझुंग म्हणजे वरच्यानं खालच्याला दिलेला आदेश. फ्राय म्हणजे मोकळा. त्यांच्याकडं न्यायाधीशाबद्दल हा शब्द वापरतात. निकाल काय द्यायचा हे मंत्री त्याला सांगू शकत नाही. मॅन्युअलमध्ये या जातीचा कुठलाही शब्द आला की आम्ही डोळे झाकून ‘सूचना’ लिहितो. मी त्याच सवयीनं लिहिलं, ‘सूचनामुक्त’. सर म्हणाले, ‘हे काय, धूम्रपानमुक्तसारखं?’ आणि त्यांनी ‘मार्गदर्शनाविना’ केलं. मला पुढचं काम होतं. मी मान हलवली. म्हणजे चूक दोघांची. पण खाली नाव माझं.

‘उद्यापर्यंत नीट लिव,’ चाचा जिन्यातून म्हणाले. ‘नायतर त्यांना कळव, खलील येत नाय.’

सर म्हणाले, ‘सरळ स्वतंत्र लिही ना. कुठल्याही मराठी माणसाला कळतं.’

मलाही पटलं. स्वतंत्र या शब्दावर तर मी निम्मी पत्रकं लिहिली होती. दुपारीच चाचांना फोन लावला आणि वाचून दाखवलं. ‘कलाकार कलेच्या बाबतीत स्वतंत्र वादन करील.’

चाचा म्हणाले, ‘परत वाच.’

परत वाचलं.

‘स्वतंत्र वादन?’ आवाज पार बदलला होता. ‘कितना टाइम देंगे? तासभर तरी लागतो बेटा, त्याच्या आत काय होतंय. आणि लेहऱ्याला कोण बसणार? इथून हार्मोनियमवाला न्यावा लागंल.’

मला काही कळेना. मी विचारत गेले तसं उलगडलं. तबल्याच्या दुनियेत स्वतंत्र वादन म्हणजे सोलो. गाणारा नाही, सतारवाला नाही. तबलजी मधोमध बसतो, हार्मोनियमवाला एकच सुरावट फिरवत राहतो, तिला लेहरा म्हणतात, आणि तासभर लोक फक्त तबला ऐकतात. चाचांच्या वाट्याला असं बसणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं आलेलं. आणि मी त्यांना फोनवर सांगितलं होतं की जर्मन लोक ते लेखी देतायत.

आता मला सांगावं लागलं की नाही, तसं नाहीये. तुम्ही पाचजण मिळूनच वाजवणार आहात.

‘हौ,’ चाचा म्हणाले. ‘मग तसं लिवायचं ना.’ फोन ठेवला.

मला राग आला. स्वतःचा आला आणि सगळ्या मैफलींच्या पोस्टरांचा आला. वर गाणाऱ्याचा फोटो, हा एवढा. खाली कोपऱ्यात ‘तबला साथ’, आणि पुढं नाव, हॉलच्या पार्किंगच्या माहितीइतक्या अक्षरात. ज्याच्यावर सगळं गाणं उभं आहे त्याला आपण कोपऱ्यात बसवतो आणि त्याला परंपरा म्हणतो. हे मी इथं लिहितेय म्हणून सर वैतागतील. वैतागू देत.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. जर्मनीत फोन लावला. ग्रुपचं ऑफिस सांभाळणाऱ्या आनेटबाईंना विचारलं, हे कलम घातलंच कशाला?

त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. मागं एकदा दुसऱ्या एका देशातून एक ढोलवाले पाहुणे आले होते. संगीतकारानं त्यांचं सगळं आधीच लिहून ठेवलेलं, कुठल्या ठोक्यावर काय मारायचं इथपर्यंत. पाहुण्यांनी मुकाट्यानं वाजवलं आणि गेले. ‘आम्हाला फार लाज वाटली,’ आनेटबाई म्हणाल्या. ‘आम्ही त्यांना सजावट म्हणून बसवलं होतं. म्हणून आता लिहितो. संगीतकार, आम्ही, पैसे देणारे, कुणीही पाहुण्याला काय वाजवा हे सांगणार नाही. सुचवू शकतो. सांगू शकत नाही.’

सुचवू शकतो, सांगू शकत नाही. मी ते वहीत लिहिलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आपल्या मराठीत सूचना हा फार लबाड शब्द आहे. सभेत मागच्या रांगेतला माणूस हात वर करून म्हणतो, ‘माझी एक सूचना आहे.’ ती विनंती असते, कुणी मानत नाही. आणि सरकारी ऑफिसात खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, ‘वरून तशा सूचना आहेत.’ तो हुकूम असतो, तुमचा फॉर्म परत येतो. शब्द एकच. ज्याला हुकूम सोडायचाय पण हुकूम सोडणारा दिसायचं नाही, त्याच्या फार सोयीचा. जर्मनमध्ये ही सोय या ठिकाणी नाही. वायझुंग म्हणजे हुकूमच.

गुरुवारी सकाळी मी चाचांच्या घरी गेले. चाची लसूण सोलत बसल्या होत्या. चाचांनी बसायला सांगितलं, पण तोंड पाडून.

‘कागद आणला नाही,’ मी म्हटलं. ‘एक विचारायचंय. वाजवताना तुम्हाला हुकूम कोण देतं?’

‘कोण देत नाय ते विचार.’ आता ते हसले. ‘गाणारा मांडीवर दोन बोटं आपटतो, म्हंजे लय कमी कर. डोळे वटारतो, म्हंजे तू मध्ये वाजवू नको. आणि सगळे म्हणतात, खाँसाहेब, ठेका सरळ ठेवा. ठेका म्हंजे तालाचं नुसतं हाड. मांस लावायचं नाय.’

‘खाँसाहेब म्हणतात आणि वर हुकूम देतात?’

‘इज्जतीत देतात ना. तेवढाच फरक.’

‘या जर्मनांचं म्हणणं आहे की तुम्हाला कुणीच हुकूम द्यायचा नाही. ते सुचवतील. मानायचं का नाही, ते तुमच्या मर्जीवर. संगीतकाराची मर्जी नाही, पैसे देणाऱ्याची नाही. तुमची.’

चाचांची बोटं गुडघ्यावर चालू होती.

चाचींनी लसणावरून मान वर न करता म्हटलं, ‘म्हंजे यांना मुखत्यार केलं म्हण की. आपल्या मर्जीचा मुखत्यार.’

मी चाचींकडं बघतच राहिले. मुखत्यार. निजामाच्या वेळेपासून इथल्या कागदांत बसलेला शब्द. ज्याला पूर्ण अधिकार आहे, ज्याला कुणाला विचारावं लागत नाही तो. गावाकडं निरक्षर माणसालाही तो समजतो, कारण जमिनीच्या भानगडीत प्रत्येकानं ऐकलेला असतो.

ऑफिसात येऊन कलम लिहिलं. ‘काय वाजवायचं आणि कसं, यात कलाकार आपल्या मर्जीचा मुखत्यार राहील. याबाबत त्याला कोणीही हुकूम देणार नाही. फार तर सुचवील.’

सरांनी चष्मा काढला. ‘मुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं सही करणारा. कुलमुखत्यारपत्र माहितीय ना?’

‘म्हणून तर आपल्या मर्जीचा असं लिहिलंय.’

‘जुनाट वाटतं. पुण्यात हसतील.’

‘पुण्यात कोण सही करतंय सर?’

‘आणि हुकूम? जरा सौम्य काहीतरी घाल. सूचना—’

‘नाही.’

‘तू करार लिहितेस की पत्रक?’ सर म्हणाले. मग त्यांनी पेन्सिलीनं शेवटचं वाक्य खोडलं. ‘फार तर सुचवील हे मुळात कुठाय? तुला आनेटबाईंनी फोनवर सांगितलं. कागदावर नाही. आपण आपल्या मनाचं घालायचं नाही.’

त्यांचं बरोबर होतं. मला राग आला, पण बरोबर होतं. ते वाक्य गेलं. हुकूम आणि मुखत्यार राहिले. सरांनी शिक्का मारला.

शुक्रवारी चाचांनी कलम दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवत. ‘एवढं सगळं त्यांनी लिवलंय?’

‘एका शब्दात.’

‘कंजूस जबान आहे,’ म्हणाले आणि सही केली.

व्हिसा आला. निघायच्या आठवडाभर आधी पहिली ऑनलाइन तालीम आमच्याच ऑफिसातून झाली, कारण तिथलं नेट बरं. चाचा जमिनीवर, लॅपटॉप खुर्चीवर, मध्ये मी दुभाषी. दहा मिनिटं झाली असतील. चेलोवाली मुलगी थांबून म्हणाली, इथं लय जरा कमी केली तर?

मी मराठी करायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचांनी हात वर केला. तिच्या बोलण्याचा सूर कळला असणार. ‘आधी तिला विचार, सवाल है के हुकूम?’

मी जर्मनमध्ये विचारलं. चौघं एकमेकांकडं बघायला लागले. चेलोवाली लाल झाली आणि म्हणाली, प्रश्न आहे. नक्की प्रश्न आहे.

‘मग ऐक म्हणावं. जवाब तबल्यावर देतो.’

चाचा वाजवू लागले, स्वतःच्याच लयीत, आणि ठेक्याला चांगलं मांस लावून. सर आतल्या खोलीतून उठून दारात येऊन उभे राहिले. संपल्यावर चौघांनी त्याच लयीत पुन्हा सुरू केलं, चेलोवालीनंही. दोनदा झालं. तिसऱ्या वेळेला शेवटच्या तुकड्यात चाचांनीच लय उतरवली, कुणी न सांगता, आणि मला म्हणाले, ‘त्या पोरीला सांग, इथं तिचं बरोबर होतं.’

आता चाचा तिकडं आहेत. अधूनमधून व्हॉइस मेसेज येतो, त्यात थंडीची तक्रार जास्त असते.

धडा म्हणाल तर छोटा आहे. कराराचं भाषांतर सही करणाऱ्याच्या घरी बसून करावं आणि घरात जो कुणी असेल त्याला वाचून दाखवावं. ऑफिसात बसून केलं की तीनदा करावं लागतं.