लाल काठाची साडी

त्या दिवसाची मला अजून किळस येते.

आमच्या गावाला नाव आहे, पण सगळे त्याला 'कॅम्प'च म्हणतात. पूर्व बंगालातून पळून आलेल्या आईबाबांना सरकारनं गडचिरोलीच्या या जंगलात आणून टाकलं. बाबांनी झाडांची खोडं उपटून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाडली. बाबा गेले, बांध्या राहिल्या, पण सातबाऱ्यावर मालक अजून सरकारच. आईला एकच ध्यास होता: डोळे मिटायच्या आधी वावर आपल्या नावावर व्हावं.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला. निर्वासितांना मुख्य प्रवाहात आणायचा मेळावा आहे, साहेब येणार, जमिनीचे पट्टे, म्हणजे मालकीचे कागद, वाटणार. मुख्य प्रवाहात म्हणे! मी मराठी शाळेत शिकलो, मार्कंड्याच्या जत्रेत हरवलो नि सापडलो, शेजारच्या गोंडांच्या बांधीत दरसाल रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केली. आता आणखी कोणत्या प्रवाहात उडी मारू, वैनगंगेत?

मेळाव्याच्या सकाळी आयोजकांची एक बाई गठ्ठा घेऊन दारात आली. पांढऱ्या, लाल काठाच्या साड्या. पट्टा घ्यायला स्टेजवर येणाऱ्या बायका बंगाली दिसल्या पाहिजेत, म्हणाली. मी सांगितलं, माझी आई विधवा आहे, आमच्यात विधवा लाल काठ नेसत नसतात. तर म्हणते, फोटोपुरतं हो, त्यात काय एवढं!

बाबा गेल्यापासून आईनं लाल रंगाला हात लावला नव्हता. ती माझ्याकडे न बघता आत गेली आणि ती साडी नेसून बाहेर आली. जमिनीसाठी नेसली. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

स्टेजवर त्या बाईनं तिला वर कुंकूही लावलं. साहेब भाषणात म्हणाले, तुम्ही आमचे पाहुणे आहात. पन्नास-साठ वर्षं चिखलात राबणारे पाहुणे कुणी पाहिलेत का? मग शाल दिली, नारळ दिला, फोटो झाले. मी पट्ट्याचं विचारलं तर प्रक्रिया सुरू आहे म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. थू असल्या मेळाव्यावर!

घरी येऊन आईनं कपाळ खसाखसा धुतलं, आपलं जुनं पांढरं लुगडं नेसली आणि ती लाल काठाची साडी काखेत मारून वावराकडे निघाली. मी मागोमाग. धान लोंबीवर आलं होतं, मधे बुजगावणं उभं होतं. तिनं निऱ्या काढून, पदर सारखा करून त्या बुजगावण्याला साडी नेसवली. एरवी ती माझ्याशी बंगालीत बोलते, पण रागावली की रोवण्यात शिकलेली इथली झाडीबोलीच तिच्या तोंडी येते.

"वावर सरकारचं हाय ना," ती म्हणाली. "मंग सरकारची सवाशीणच त्याची राखण करन. मी तुह्या बापाची विधवा हाय."