खालांचं येणारं पुस्तक

हा लेख मी लिहावा की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पुरवणीत मोठ्या माणसांवर मोठी माणसं लिहितात, असंच मी पाहत आलो आहे. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वळ गावातल्या आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या खालांचं नाव भिवंडीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. त्यांनी एकही पुस्तक लिहिलं नाही. फक्त वाचली. त्यांना जाऊन महिना होऊन गेला. त्यांचा मुलगा सोहेल माझ्या वर्गात आहे, म्हणून त्या माझ्याही खाला, म्हणजे मावशी. तो म्हणाला, “तूच लिही यार. मी लिहायला बसलो की नुसतं रडायला येतं.” म्हणून लिहितो आहे. चुकलंमाकलं तर माफ करा.

खालांकडे मी पहिल्यांदा गेलो तो सोहेलकडून नोट्स आणायला. त्यांच्या घरामागेच लूमचा कारखाना आहे. सोहेलचे अब्बा गेल्यावर तो दुसऱ्याला चालवायला दिलेला. एरवी त्या घरात ओरडूनच बोलावं लागतं, भांड्यांच्या मांडणीवरचे पेलेसुद्धा थरथरत असतात. पण तो शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद. खाला खिडकीजवळच्या दिवाणावर मांडीत पुस्तक घेऊन बसल्या होत्या, मराठी पुस्तक. मी पुस्तकाकडे बघत राहिलो ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, “काय बघतोस? आमच्या घरात कोकणी, बाजारात हिंदी, नमाजाला अरबी. वाचायला मराठीच. शाळा मराठी होती ना माझी.” आणि मग मला समोर बसवून त्यांनी ते तीन प्रश्न विचारले, जे पुढे दर शुक्रवारी विचारले. उतरलं काय? मागावर काय? आणि बीम कुठलं येतंय? मला काहीच कळेना. सोहेलने हसत समजावलं. विणून झालेलं कापड मागावरून उतरतं, तसं वाचून झालेलं पुस्तक. मागावर असतं ते चालू पुस्तक. आणि बीम म्हणजे पुढच्या कापडाच्या सुताचा मोठा रूळ, जो आधीच आणून ठेवावा लागतो, नाहीतर लूम नुसता बंद उभा राहतो.

मी खरं तेच सांगितलं. अर्थशास्त्राचं गाईड उतरलं, राज्यशास्त्राचं गाईड मागावर आहे. खाला एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “गाईड म्हणजे दुसऱ्यानं चावलेला घास रे. पोट भरतं, पण चव न्हाय कळत.”

“अम्मी, त्याला पास तर होऊ दे आधी,” सोहेल म्हणाला.

“हो की पास, कोण अडवतंय? पण येणारं काय ते सांग. येणारं काही न्हाय, तर पुढच्या जुम्म्याला इथं येशील कशाला?”

मग त्यांनीच उठून एक जाड कादंबरी माझ्या हातात दिली. खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातली हौसा नावाची बाई, तिची गोष्ट. तीन भागांची कादंबरी, पैकी दोनच निघालेले. मी ती कशी वाचली ते सांगायला लाज वाटत नाही... बोट ठेवून, ओळ ओळ करत वाचली. आमच्या घरात अभ्यासाचं सोडून दुसरं पुस्तक हातात असलं की आई मला विचारायची, “बाबा, हे परीक्षेला हाय का?” मी नाही म्हणायचो. ती काळजीने बघत राहायची, पण दिवा मात्र बंद करायची नाही.

मग शुक्रवार ठरूनच गेला. दुपारी चहा, नानकटाई, आणि आम्हा तिघांचा आठवडा. सोहेलचं चालू पुस्तक बरेच महिने एकच होतं, एका क्रिकेटपटूचं. “तुझा धागा तुटलाय बाबा, सांध जरा,” असा खालांचा टोमणा त्याला ठरलेला. खालांचं झालेलं आणि चालू दर वेळी नवीन असायचं. येणारं मात्र एकच. “हौसाचा तिसरा.” कारण दुसरा भाग संपतो तिथे मिठागराचा बांध फुटलेला आहे, भरतीचं पाणी आत येतं आहे, आणि हौसा फुटलेल्या बांधावर एकटी उभी आहे. लेखकाने तिला तिथेच सोडलं. शेवटच्या पानावर छापलेलं होतं, तिसरा भाग लवकरच. खाला म्हणायच्या, “लवकरच म्हंजे कधी रे? बाई किती वर्षं भिजत उभी ऱ्हायची तिथं?” आम्ही हसायचो.

नंतर खालांच्या किडन्या बिघडल्या, आणि आम्हाला त्या वाक्यावर हसता येईना. डायलिसिसला सोहेलबरोबर मीही जायचो. हाताला नळ्या लावलेल्या असताना तो हात हलवता येत नाही, म्हणून मी पुस्तक धरायचो आणि त्यांनी मान हलवली की पान उलटायचो. एकदा मी विचारलं, “खाला, वाचून दाखवू का?” तर म्हणाल्या, “नको रे. तुझ्या तोंडी हौसा वळची वाटते. तू पान उलट तेवढं.” ती यंत्राची घरघर, तो वास, आणि त्यातही शांतपणे ओळींवरून फिरणारे त्यांचे डोळे... मला वाचायला कोणी शिकवलं असं विचारलं, तर मी त्यांची ती डायलिसिसची खुर्ची सांगेन.

परीक्षा झाल्यावर मी राहनाळच्या एका गोदामात लागलो. तिथून पुस्तकं देशभर जातात. खालांना कोण आनंद! “बघ, बीमच्या गोदामातच लागला पोरगा!” आणि एक दिवस खरंच ते आलं. टेम्पोतून खोके उतरवताना एकावर मी हौसाच्या तिसऱ्या भागाचं नाव वाचलं. वरून सूचना छापलेली लाल पट्टी होती. प्रकाशनाच्या दिवसापर्यंत उघडायचं नाही. मी सुपरवायझर म्हात्रेदादांना सगळं सांगितलं, खालांचं आजारपणही. दादांनी लाल पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “पट्टी फुटली तर तुझी न् माझी दोघांची नोकरी जाईल. पण उघडायच्या दिवशी पहिला खोका तूच फोड. माझा शब्द हाय.”

त्या संध्याकाळी घरी न जाता मी आधी भिवंडीत गेलो. बातमी ऐकल्यावर खाला उशीला टेकून बसल्या. पहिला प्रश्न काय, तर, “खोका जड हाय का?”

“हो खाला, दोघांनी उचलायला लागतो.”

“मग जाडजूड असणार. म्हंजे हौसा एवढ्यात मरत न्हाय.”

सोहेल हळूच म्हणाला, “एक कॉपी काढून आण ना यार. कोणाला कळतंय?” ते मात्र त्यांनी ऐकलं. “याच्या आयशीनं याला कॉलेजात घातलाय, चोरीला न्हाय. मी थांबते. एवढी वर्षं थांबले, आता आठ दिवसांनी काय होतंय?”

काय होऊ शकतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. डॉक्टरांनी सोहेलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि खालांना न सांगताच कळलेलं असावं. त्या दिवसांत मी रोज शिफ्ट संपली की जाऊन खोक्याची खबर द्यायचो. आज तो खालच्या रॅकमध्ये हलवला. आज त्याच्यावर दुसरे खोके ठेवले. “दबला तर न्हाय ना?” असं त्या विचारायच्या. शेवटी शेवटी आवाज फार बारीक झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा. मागचं ताजं राहावं म्हणून त्यांनी दुसरा भाग पुन्हा काढला होता. मी त्यांच्यासाठी पान उलटत होतो, आणि मनात एकच चाललेलं... पुरू दे, एवढे दिवस पुरू दे.

प्रकाशनाच्या दिवशी म्हात्रेदादांनी शब्द पाळला. कटर माझ्या हातात दिला. पहिली प्रत मी विकत घेतली, दादांनी तिची पावती करून दिली आणि म्हणाले, “हाफ डे लावतो तुझा. पळ.” गोदामाच्या लांब वाटेवरून चालताना मला राहवलं नाही. पुस्तक उघडलं. पहिल्याच ओळीत हौसाचं नाव होतं. बांधावरून उतरून ती गुडघाभर पाण्यातून घराकडे निघाली होती. ती जिवंत होती. हे खालांना सांगावं, की त्यांचं त्यांनाच वाचू द्यावं, याचा विचार करत मी गेटवर आलो.

आमच्याकडे फोन आत नेऊ देत नाहीत, ते गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावे लागतात. मी लॉकर उघडून फोन सुरू केला. सोहेलचे खूप कॉल येऊन गेले होते, आणि तीन मेसेज. मी ते आले त्याच क्रमाने वाचले.

पहिला, सकाळचा: अम्मी विचारतेय, खोका फुटला का?

दुसरा: हॉस्पिटलात नेतोय. किताब घेऊन तिकडेच ये.

तिसरा: अम्मी गेली. असरच्या नमाजानंतर कब्रस्तानात नेणार आहोत. तू ये.