एकिटीचा याम

त्या वर्षी सिडनीत शिकायला येणाऱ्या पोरांची नुसती रीघ लागली होती. त्यातला हा एक नायजेरियाचा. पेंडल हिलच्या आपल्या वाण्याकडे भेटायचा. मला बघितलं की भर दुकानात वाकून हात जमिनीला टेकवायचा. सून म्हणायची, "आई, बघा किती संस्कारी!" तिचा नवरा मला विमानतळावर घ्यायला आला तेव्हासुद्धा वाकला नव्हता.

एकदा त्याने फ्रीझरमधून सुरणाची पाकिटं उचलली, कारण वर इंग्रजीत 'याम' लिहिलं होतं. हा तिकडच्या योरुबा लोकांपैकी, त्यातही एकिटी प्रांताचा. त्यांच्याकडे याम नावाचा कंद उकडून उखळात कुटतात आणि त्याचा मऊ गोळा पाहुण्याला वाढतात. एकिटीसारखा कुटणारा जगात नाही म्हणे. रविवारी गावचे कोणी वडीलधारे जेवायला येणार होते. जेवण फसलं तर गावभर नाचक्की.

"मेल्या, हे सुरण आहे. चिंच घाल, नाहीतर घसा खाजेल," मी म्हटलं. सुनेने 'मेल्या' गाळून इंग्रजीत सांगितलं.

तो हसला. "मा, एकिटीच्या माणसाला याम शिकवता?"

पुढच्या आठवड्यात त्याचा आवाज घोगरा. मी विचारलं, "काय म्हणाले म्हातारबुवा?"

"खूप खोकले, मा. मी सांगितलं, ऑस्ट्रेलियातला याम असाच असतो."

"आणि त्यांना पटलं?"

"नो वरीज, मा. कुटलंय छान म्हणाले. शिव्या या देशाला दिल्या."

सून हळहळली, "बिचारा!"

बिचारा कसला? हा नापास झाला तर पेपरच खराब होता म्हणेल, आणि घरचे मानतीलही.