पाइपाला एक भोक जास्त

मुंबईत टर्बो गाडी घेणं हाच मुळात आगाऊपणा. त्यात मी राहते डिलाईल रोडच्या चाळीत, आणि गाडी कधी तिसऱ्या गिअरच्या वर गेलेली नाही. तरी तिची ताकद वाढवायला मी पाणी-मिथेनॉलचा फवारा बसवायला घेतला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, आणि तापल्या हवेने इंजिन खटखटतं. त्या हवेत पाणी-मिथेनॉलचं बारीक धुकं मारलं की ती थंड होते आणि गाडी जास्त जोर काढते. हा जोर लालबागच्या ट्रॅफिकमध्ये कुठे लावणार, असं आई विचारायची.

बाबांनी मात्र फवाऱ्याच्या किटमधलं नोझल, म्हणजे त्याची तोटी, हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. ते मिलमध्ये फिटर होते, तेही नेमके त्या खात्यात, जिथे सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचा फवारा सोडतात. मिथेनॉल विषारी, ते मी घरात आणलंच नव्हतं. बाबांनी नुसतं पाणी भरून पंप चालू करायला लावला आणि फवाऱ्यासमोर पंजा धरला. "हाताला थेंब लागला तर नोझल बाद. नुसता गारवा लागला तर पास." किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे कुठेच नव्हतं.

अडचण आईची होती. बाबांचे हात वर्षभरापासून थरथरतात. शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त करताना त्यांनी अख्ख्या मजल्याचे दिवे घालवले, तेव्हा आईने जाहीर केलं, "पुन्हा हातात हत्यार दिसलं, तर पेटी घराबाहेर जाईल." ही मिलच्या वेळची हत्यारांची पेटी. ती पलंगाखाली असते आणि बाबा तिच्यातल्या एकेका पान्यावर तेलाचं फडकं फिरवत बसतात. आणि आमची आई बोलते ते करते.

म्हणून आम्ही रविवार धरला. आई सकाळी वंदनेला विहारात गेली आणि आम्ही बापलेक पेटी चादरीत गुंडाळून खाली उतरलो. जिन्यात एक काकू भेटल्या. "चादर धुवायला नेतेय," मी म्हटलं. चादरीतून खणखण आवाज येत होता. बाबांना हसू आवरेना.

इंजिनाकडे हवा नेणारा ॲल्युमिनियमचा पाइप मी काढून फळीवर बांधला. त्याला नोझलसाठी एकच भोक पाडायचं होतं. मी ड्रिल उचललं आणि बाबांचे हात शिवशिवताना दिसले. मला राहवलं नाही, दिलं त्यांच्याकडे. ते सटकलं आणि भोक पडलं पाइपाच्या अगदी टोकाला, जिथून हमखास हवा गळणार. बाबा त्या भोकावर वाकले. मग म्हणाले, "हात नाही हलला. पंच मारायला विसरलो." म्हणजे आधी हातोडीने पाइपावर एक बारीक खूण ठोकायची, तिच्यात ड्रिलचं टोक बसतं. आई येईल या घाईत ते राहिलं होतं. या खेपेला त्यांनी पंच मारला, कोपर गुडघ्याला टेकवलं आणि दुसरं भोक असं पाडलं की आटे पाडल्यावर नोझल त्यात गपकन बसलं. आई यायच्या आत पेटी पलंगाखाली परत गेली.

पहिलं भोक वेल्डिंगने बुजवणं भाग होतं. संध्याकाळी माटुंग्याचा गॅरेजवाला पाइप न्यायला चाळीखाली आला. आई भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी, बाबा स्टुलावर पेपर वाचत बसलेले.

"हा होल कोणी मारला?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हटलं. पेटी वाचवायची तर दुसरं काय बोलणार?

तो असा हसला की चाळीतले चार रिकामे लोक गोळा झाले. "ताई, ड्रिल आहे ते, पुरणयंत्र नाही." सगळे खिदळले. "म्हणून मी म्हणतो, बायकांनी गाडी चालवावी, उघडू नये." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एरवी मी त्याला तिथेच सोलून काढलं असतं. पण पेटीसाठी मी ते गिळलं.

बाबांनी पेपरची घडी घातली. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

"तो होल माझा आहे," ते म्हणाले. "तिचा नाही. पंच मारायचा विसरलो. बाजूचा बघ, तोही माझाच."

गॅरेजवाल्याने दुसऱ्या भोकावरून अंगठा फिरवला आणि पाइप उचलला.

आई वर गेली. खाली आली ती पेटी घेऊन, तीन जिने, एकटीने. माझ्या पायाशी ठेवली. "आजपासून ही हिची. गाडीतच ठेवायची. तुम्ही हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं." बाबांनी मान डोलावली आणि वर निघून गेले. मला आईचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. राग बाबांचाही आला. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? माझं हसं झालं असतं, एवढंच. मी त्यांना तसं विचारलंसुद्धा.

"एवढंच?" म्हणाले, आणि बशीत चहा ओतायला लागले.

पुढच्या रविवारी पाइप वेल्डिंग होऊन आला. मी बॉनेटखाली वाकलेली, बाबा शेजारी, हात पाठीमागे बांधून. "दहाचा पाना," म्हणाले आणि सवयीने हात पुढे केला. मग त्यांनी वर बघितलं. गॅलरीत आई कपडे वाळत घालत होती. त्यांनी हात मागे घेतला. "तूच आवळ."

मी पाना त्यांच्या मुठीत कोंबला, ती मूठ बॉनेटखाली ढकलली आणि गॅलरीच्या नि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मी अंगाने चांगली रुंद आहे.