वहिनीसाठी तीन डबे

"खोक्यावर लिहिलंय तीनशे सत्तर ग्रॅम आणि भरतंय तीनशे ब्याण्णव," दादा म्हणाला. "बावीस ग्रॅमची तफावत. ही काय थोडीथोडकी झाली?"

"तुम्ही वायरसकट तोललंय," वहिनी म्हणाली.

"वायर बरोबरच येते ना? मग वजनात नको धरायला?"

"धरा. दोन दिवस वजनच धरून बसलायत. त्यातून माझा आवाज कसा येतो ते बघा की एकदा."

"त्याची पाळी येईल. तक्त्यात आवाज सातवा आहे."

"बाबा, वजनाला कोण विचारतंय," त्यांचा मुलगा म्हणाला. "त्याला तोंडं किती आहेत ते बघा. मोठ्याला आठ आहेत. आठ माईक लागतात एका वेळी."

"मला तोंड एकच आहे," वहिनी म्हणाली.

"आई, उद्या समजा तू कुणाची मुलाखत घेतलीस."

"सात जणांची?"

"नुसत्या ड्रमलाच चार माईक लागतात."

"अरे, मी पुस्तक वाचणार आहे. ड्रम कोण वाजवतंय मध्ये?"

मी दारात चपला काढत होते. जेवणाच्या टेबलावर जेवणाचं काही नव्हतं. तिथं तीन काळे डबे होते, मोठा, मधला आणि धाकटा. शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा, आणि काट्यावर विश्वास नको म्हणून दादाची पितळी वजनं. दादा वजनमाप खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होता. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तपासणी सुटली नाही. साबणाची वडीसुद्धा तो हातावर तोलल्याशिवाय फडताळात जाऊ देत नाही.

"या वन्सं," वहिनी म्हणाली. लग्न झाल्यापासून ती मला वन्सं म्हणते. पहिलं वर्षभर मानानं म्हणायची, पुढं चिडवायला. "तुम्हीच सांगा आता यांना."

"मी काय सांगणार? मला पडद्यांतलं कळतं." मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि पडदे शिवून देते.

"निदान कळत नाही एवढं तरी कळतं तुम्हाला. इथं त्याचाच दुष्काळ आहे."

या डब्यांना ऑडिओ इंटरफेस म्हणतात, हे मला त्या आठवड्यात समजलं. माईक आणि लॅपटॉप यांच्या मधला हा डबा. आपण माईकमध्ये बोलायचं, डब्यानं ते लॅपटॉपला समजेल असं करून पुढं पोचवायचं. वहिनीनं त्याला मध्यस्थ असं नाव ठेवलं होतं. दादाच्या घरात मध्यस्थाची सवय नाही, सगळे एकाच वेळी बोलतात. त्यामुळं ही निवड जड जाणार हे उघडच होतं.

वहिनी बसस्थानकावर उद्घोषक होती, एकोणतीस वर्षं. गावातल्या निम्म्या लोकांनी तिचं तोंडही पाहिलं नसेल, पण तिच्या आवाजावर सामान उचलून धावले नाहीत असे फार थोडे. वरच्या मजल्यावर काचेची खोली, पुढ्यात वाकड्या मानेचा माईक. तिनं कधी आवाज चढवला नाही. "गाडी सुटत आहे" असं ती म्हणाली की गाडीला सुटावंच लागायचं. चालक हातातला चहा तसाच ठेवून निघायचे. मग स्थानकावर संगणकाचा आवाज बसवला. त्यातली बाई सुटणारी गाडी आणि रद्द झालेली गाडी सारख्याच आनंदानं जाहीर करते. वहिनीला शेवटची अडीच वर्षं चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथं लोक तिला विचारायचे, तिचं ऐकून घ्यायचे, आणि बाजूला जाऊन तेच हमालाला विचारायचे.

घरी त्याहून वाईट परिस्थिती. जेवायला वाढलंय, हे ती तीनदा सांगते. तिसऱ्यांदा दादा विचारतो, "काही म्हणालीस का?"

अशात, ऐकण्यासाठी पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेला वाचणारी माणसं हवी आहेत असं तिच्या कानावर आलं. तिनं मुलाचा माईक आणि त्याचा जुना डबा घेऊन नमुना पाठवला. चार दिवसांनी तिथल्या संपादक मुलीचा फोन आला. ती म्हणाली, आवाज आम्हाला हवाय, पण मागं फुसफुस फार आहे आणि तुम्ही शेजारच्या खोलीतून बोलताय असं वाटतं. शुक्रवारपर्यंत पहिलं प्रकरण स्वच्छ करून पाठवा, नाहीतर आणखी एका बाईंचा नमुना आमच्याकडं आलेला आहे.

हे सांगताना वहिनीनं ताट पुढ्यात ओढलं आणि परत मागं सारलं. "आणखी एक बाई," एवढंच ती पुन्हा म्हणाली.

जुना डबाच बिघडलाय यावर घरात एकमत झालं. त्या घरात एकमत झालं की मला धास्ती वाटते. दादा लगेच माईक-स्पीकर विकणाऱ्याच्या दुकानात गेला. त्या दुकानदाराच्या वडिलांचा किराणा होता आणि त्यांचा काटा दादानं वीस वर्षं तपासला होता. दादा आत शिरताच दुकानदार सवयीनं उठून उभा राहिला. पाहिजे ते सगळे डबे घेऊन जा साहेब, शुक्रवारी सांगा, असं म्हणून त्यानं तीन डबे बांधून दिले.

नेता-आणता येणारा डबा पाहिजे, ही वहिनीची एकच अट होती. कारण घरात शांत अशी खोलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत रस्ता, स्वयंपाकघरात फ्रिज, झोपायच्या खोलीत दादाचा रेडिओ, आणि मागच्या बाजूला शेजाऱ्यांनी काढलेलं फरशीचं काम. मांजर पिल्लं हलवते तशी ती लॅपटॉप घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायची. मोठ्या डब्याला भिंतीतली वेगळी वीज लागायची आणि तो उचलला की दोन्ही हात अडकायचे. मुलाचं म्हणणं, तो एकदा ठेवायचा आणि हलवायचाच नाही.

"कुठं ठेवायचा?" वहिनीनं विचारलं.

"माझ्या खोलीत."

"बघा, आलं का बाहेर."

बुधवारी दुपारी एकदाची तक्त्यातल्या सातव्या रकान्याची पाळी आली. दादानं चाचणी रीतसर घ्यायची ठरवलं. पोलादी टेप काढून माईकपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत बरोबर पंचेचाळीस सेंटिमीटर मोजले. खुर्ची हलू नये म्हणून तिच्या चारही पायांभोवती खडूनं गोल काढले. वाक्यही एकच ठरलं, कादंबरीतलं पहिलं: दीपगृहाच्या पायऱ्या एकशे बेचाळीस होत्या.

"हे मोजलं कुणी?" दादानं विचारलं.

"लेखकानं."

"चढताना की उतरताना?"

"अहो, तुम्ही बाहेर जा बघू. सगळेच जा." कुणी समोर असलं की तिला वाचता यायचं नाही. काचेच्या खोलीत इतकी वर्षं एकटीनं काढलेली. आम्ही बाहेर गेलो, तिनं दार लावलं, आणि तिन्ही डब्यांतून ते वाक्य तीनदा वाचलं. मग मुलानं आम्हाला ऐकवलं. पहिल्यात फुसफुस. दुसऱ्यात फुसफुस. तिसऱ्यातही तीच, केसाएवढाही फरक नाही. आवाज कसाबसा ऐकू यावा म्हणून मुलानं तिन्हींची बटणं शेवटपर्यंत पिळली होती.

"तिन्ही नापास," दादा म्हणाला. "माझ्या अख्ख्या नोकरीत असं एकदाच झालं होतं. एका बाजारातले अकराच्या अकरा काटे चुकीचे निघाले."

"मग काय केलंत?" मुलानं विचारलं.

"काय करणार, माझं वजनच झिजलेलं निघालं." एवढं बोलून दादानं कागद ओढला आणि तिन्ही डबे करणाऱ्यांना तक्रारीचं पत्र लिहायला बसला.

वहिनी खुर्चीतून उठली नव्हती. "तिघांतही तेच येतंय ना," ती म्हणाली. "म्हणजे डब्यांचं काही नाही. आवाजच जुना झाला असेल माझा. स्थानकवाल्यांना माझ्या आधी कळलं."

त्यावर मुलगा वायर गुंडाळू लागला. दादानं पितळी वजनं एकेक करून पेटीत ठेवली, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि पुन्हा बाहेर काढली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता वहिनी माझ्या दारात उभी. खांद्याला पिशवी.

"वन्सं, तुमचा एखादा जाड पडदा द्या. दाराला लावून बघते. शेजाऱ्यांनी आज फरशी कापायला काढलीय."

"पिशवीत काय आहे?"

"लॅपटॉप, माईक, पुस्तक आणि धाकटा डबा."

"धाकटाच का?"

"मोठा पिशवीत मावेना. मधला मावला, पण मग पुस्तक मावेना."

पडद्याचं कापड दाखवायला मी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथं तीन भिंतींना खालपासून वरपर्यंत कापडाचे गठ्ठे आहेत. वहिनी आत आली, दोन पावलं चालली आणि थांबली. मग तिनं टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विझली.

"पडदा राहू दे," ती म्हणाली. "मी इथंच बसते. तुम्ही बाहेर जा."

"बरी आहेस. उद्या गिऱ्हाईकाला आठ पडदे द्यायचेत. मशीन चालवत नाही, हातानं दुमड घालते. श्वाससुद्धा विचारून घेईन."

तिला दुसरा इलाज नव्हता. स्टुलावर माईक ठेवला, डब्याची एक वायर लॅपटॉपला, दुसरी माईकला. डब्यावर एकच मोठं बटण होतं. तिनं ते फिरवलं, पुस्तक उघडलं, आणि तोंड उघडण्याआधी मान डावीकडं वळवून, पाठ मागं रेलून बसली. "दीपगृहाच्या पायऱ्या एकशे बेचाळीस होत्या." डोळे पुस्तकावर जायचे, वाक्य उचलायचे, आणि परत डावीकडं. एक परिच्छेद झाला तरी मानेचा कोन बदलला नाही.

मला राहवेना. "वहिनी, तू त्या हिरव्या गठ्ठ्याला का वाचून दाखवतेस?"

"कुठल्या?"

"ज्याच्याकडं बघतेयस त्या. माईक इकडं, समोर आहे. तुझा उजवा कान तेवढा त्याच्याकडं आहे."

वहिनीनं गठ्ठ्याकडं पाहिलं, मग माईककडं. पुस्तक मिटलं.

"तिकडं घड्याळ होतं," ती हळूच म्हणाली.

स्थानकावरच्या खोलीत घड्याळ डाव्या भिंतीवर. गाडी सोडायची ती घड्याळ बघून. त्यात तो माईक असा, की समोरून बोललं की शिट्टी मारायचा. पहिल्याच दिवशी जुन्या उद्घोषकांनी तिला बजावलं होतं: बाई, याच्या तोंडाला लागू नका. ती एकोणतीस वर्षं त्याच्या तोंडाला लागली नव्हती. आणि इतकी वर्षं तिला बोलताना पाहणारं त्या खोलीत कुणी नव्हतंच.

"आणि यांनी पंचेचाळीस सेंटिमीटर मोजले," ती म्हणाली. "खुर्चीपर्यंत."

आम्ही दोघी हसलो, इतक्या की माझी सुई हरवली.

मग ती माईककडं तोंड करून वाचायला बसली आणि काय सांगावं, वाचताच येईना. विजेचं बिल वाचल्यासारखा आवाज लागला. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा खोकली. "ही कोण बाई आहे?" तिनं स्वतःच विचारलं. मी उठले, माईकसकट स्टूल उचललं आणि हिरव्या गठ्ठ्यापुढं नेऊन ठेवलं. वहिनीला तिथंच राहू दिलं.

"वर घड्याळ पाहिजे," ती म्हणाली.

"माझं टिकटिक करतं. सेल काढून लावू? बंद चालेल?"

"तिथलंसुद्धा निम्म्या वेळा बंदच असायचं."

गठ्ठ्यावर बंद घड्याळ टेकवलं. वहिनी पुढं सरकून बसली आणि मान डावीकडं वळवली. दीपगृहाच्या पायऱ्या एकशे बेचाळीस होत्या, आणि या वेळी त्या होत्याच. मोजायची गरज नव्हती. पूर्ण प्रकरण झालं. आवाज आता सरळ माईकमध्ये जात होता, म्हणून बटण निम्म्यावरच पुरलं. तिनं कानाला हेडफोन लावून पहिलं पान ऐकलं, काढला, मला दिला. फुसफुस नव्हती. स्थानकावरचा तो आवाज माझ्या कानात होता आणि मला उठून सामान उचलावंसं वाटलं.

"आहे," वहिनी म्हणाली. "कुठं गेलेला नाही."

बारा वाजता तिनं प्रकरण पाठवलं. साडेतीनला संपादक मुलीचा फोन आला. आमच्याकडून पुस्तक तुमचं, अडतीस प्रकरणं आहेत, महिन्याभरात होतील ना?

मी तिच्याबरोबर घरी गेले. टेबलावर काटा तसाच. दादाचा तक्ता पूर्ण झाला होता. मधला डबा दोन गुणांनी पहिला, आणि धाकटा तपासणीच्या वेळी गैरहजर म्हणून त्याला शून्य. मुलगा म्हणत होता, आठ तोंडांना आठ गुण द्या, मग बघा. दादा म्हणत होता, तोंडाला गुण नसतो. वहिनी आत आल्याचं कुणी पाहिलं नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, टेबलाशी उभी राहिली आणि मान डावीकडं वळवली. तिकडं फ्रिज होता. स्थानकावर प्रत्येक सूचना दोनदा द्यायची पद्धत होती, घरी ती तीनदा देते. ही तिनं एकदाच दिली.

"धाकटा डबा ठेवला आहे. मोठा आणि मधला उद्या सकाळी परत जातील. सोमवार, बुधवार, शुक्रवार दहा ते एक मी वन्संच्या मागच्या खोलीत असेन. त्या वेळात या घरात जेवण वाढलं जाणार नाही."