नदीची डावी बाजू

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, आणि क्लबातल्या मंडळींपुढे तर नाहीच, त्यांच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं.

तर कयाक. एका माणसाची लांबडी, चिंचोळी होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. नाशकात ती दोन जातीचे लोक वल्हवतात. एक आम्ही शर्यतवाले: मनगटावर महागडं घड्याळ, तोंडात प्रोटीनच्या गप्पा, आणि एखादं फुटकळ पदक मिळालं की महिनाभर फोनवर त्याचाच फोटो. दुसरे सहलवाले. उन्हाळ्यात धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की हे टेम्पोत होड्या घालून वर जाणार, प्रवाहात सोडून देणार आणि भेळ खात, गाणी म्हणत सायखेड्याच्या बाजूला खाली उतरणार. नदी यांना आणून सोडते, आणि हे घरी सांगतात, आम्ही वल्हवत आलो! आमच्या लोकांचा मला कंटाळा होता. यांची तर मला कीवही येत नसे.

जयश्री त्या भेळवाल्यांतली. चांदवडकडच्या कांदेवाल्या घरातली, लग्न करून नाशकात आलेली. पंजाबी ड्रेसवरच लाइफ जॅकेट चढवायची, आणि हसायची ती पार पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जायचं. मला ताई म्हणायची. मी तिचं नावच ‘भेळ’ ठेवलं होतं. सगळे फिदीफिदी हसायचे — तीही हसायची. तिला वाटायचं, मी लाडानं म्हणते.

मग एका सकाळी ती गंमत म्हणून माझ्याबरोबर धरणाच्या फुगवट्यावर आली आणि मला मागे टाकून गेली. मी म्हटलं, वारा तिच्या बाजूनं होता. दुसऱ्या दिवशी वाराच नव्हता, आणि तरीही तेच झालं. मी इतकी वर्षं उकडलेली अंडी गिळत, पहाटे उठत जे कमावलं ते या बाईला सहज येत होतं. मला तिचा मत्सर वाटला असं म्हणू? तो शब्द फार सभ्य आहे. मला ती किळसवाणी वाटू लागली.

मेअखेरीस निवडीची शर्यत होती. बायकांतून एकीलाच राज्यस्पर्धेला पाठवणार होते. जयश्रीच्या सासूनं तिला बजावलं होतं — हा एक उन्हाळा काय नाचायचं ते नाच. निवड झाली तर पुढचं बघू, नाही तर होडी बंद. हे मला जयश्रीनंच सांगितलं होतं. म्हणजे तिचं काय पणाला लागलंय ते मला ठाऊक नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

आता एक बारीकशी गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. नदीची डावी बाजू ठरलेली असते. पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड केलं की जी डावी, ती नदीची डावी. तुम्ही उलट्या दिशेनं निघालात तरी ती बदलत नाही. फक्त ती आता तुमच्या उजव्या हाताला येते. वल्हवणाऱ्यांत ‘डावी’ म्हटलं की नदीचीच. पण सहलवाले कायम प्रवाहाबरोबरच जातात ना! त्यांची डावी आणि नदीची डावी नेहमी एकच. हा फरक शिकायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

शर्यत धरणाकडून वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या उलट जाणार होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मध्ये एक टेकाड उघडं पडतं. त्याच्या कुठल्याही बाजूनं जायला मुभा होती. नदीच्या उजव्या काठाकडे पाण्याखाली तोडलेल्या बाभळींचे खुंट होते. मी आदल्या दिवशी जाऊन बघून आले होते.

निघण्याआधी जयश्री माझ्यापाशी आली. “ताई, त्या टेकाडाच्या कोन्त्या अंगानं जाऊ? मला तर सगळं पानी सारखंच दिसतंय.”

“डावीकडून,” मी म्हटलं. “तिकडे मोकळं आहे.”

बघा, यात एक अक्षर खोटं नाही. किती हुशार मी!

टेकाडापाशी ती माझ्या थोडी पुढे होती. ती तिच्या डाव्या हाताला वळली. मी उजवीकडे. हाक मारायला किती वेळ लागतो? मी वल्हं मारत राहिले. टेकाडामागून फाडकन आवाज आला, आणि मग ती ओरडली — ‘ताई’ म्हणून. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच. मी थांबले नाही. शर्यत मी जिंकले.

तिचा खांदा निखळला होता. हात खुंटाच्या बेचक्यात अडकला होता. दवाखान्यात तिच्या सासूसमोर मी म्हटलं, “अगं, मी तुला डावी सांगितली होती ना?” ती खाली बघत म्हणाली, “हो ताई.” होडी बंद झाली. राज्यस्पर्धेत मी सगळ्यांच्या मागे आले, तेही सांगून टाकते. आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात, नव्या लोकांना नदीची डावी बाजू शिकवताना, मी ‘भेळ’चा किस्सा सांगत आले. चांगला रंगवून सांगते. लोक खूप हसतात.

या उन्हाळ्यात जयश्री क्लबवर आली होती. सहज, म्हणाली. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. चहा झाल्यावर मला बाजूला घेऊन गेली.

“ताई, लय दिवस मनात होतं. तुम्ही बरोबर सांगितलं व्हतं, मीच येड्यासारखी चुकले. लोक तुमच्याबद्दल नाय नाय ते बोलले असतील. माफ करा मला.”

तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, “जाऊ दे गं. होतं असं.”

मी तिला माफ केलं.